पांढऱ्याची साक्ष : हस्तलिखितांचीं छायाचित्रें आणि श्वेतसमतोल

१. प्रस्तुत प्रश्न

हस्तलिखितांचे संग्राहक व अभ्यासक अलीकडे मूळ पोथीपेक्षां तिच्या छायाचित्रावर अधिक विसंबतात, आणि तें साहजिकहि आहे. मूळ पोथी एका गांवीं, पाठभेद जमविणारा दुसऱ्या गांवीं आणि मालक तिसऱ्याच ठिकाणीं, ही स्थिति नेहमींची. पूर्वीं नक्कल करवून आणावी लागे. आतां घटकाभरांत शंभर पानांचीं चित्रें हातीं येतात. नकलेंत लेखकाचा हस्तदोष शिरतो हें आपण सर्व जाणतों, म्हणून नकलेवर विश्वास बेतानेंच ठेवतों. छायाचित्र मात्र प्रकाशानें स्वतः काढलेलें, त्यांत खोटें कसें येणार, अशी आपली समजूत असते. अक्षरांच्या आकृतीपुरती ही समजूत बहुतेक खरी आहे. रंगापुरती ती खोटी आहे, आणि ती किती खोटी आहे हें आम्ही स्वतःच्या एका चुकीनें शिकलों. त्या चुकीची कबुली देणें, व ती ज्या कारणांनीं घडली त्यांचा इतिहास वाचकांपुढें मांडणें, हा या लेखाचा हेतु आहे.

संस्कृतांत वर्ण या एकाच शब्दानें अक्षरहि कळतें आणि रंगहि कळतो. पोथीचा अभ्यासक पहिल्या वर्णाची मात्रान्‌मात्रा तपासतो. दुसऱ्या वर्णाविषयीं मात्र चित्रांत जें दिसेल तें निमूटपणें मान्य करतो. छायाचित्रकार ज्यास व्हाइट बॅलन्स म्हणतात त्यास आम्ही येथें श्वेतसमतोल म्हणूं. चित्रांतील पांढरें खरोखर पांढरें आहे कीं नाहीं हें ठरविण्याची ती क्रिया आहे. वरवर ती कारागिराची बाब वाटते. परंतु पुरावा तपासणाऱ्यास ती टाळतां येत नाहीं.

२. आमची चूक

कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांच्या संग्रहांत धर्मशास्त्रविषयक एक पोथी आली. तिचें शेवटचें पान नव्हतें. अर्थात् पुष्पिका नाहीं, लेखकाचें नांव नाहीं, शक नाहीं. पुढें दुसऱ्या गांवच्या एका घरांतील रुमालांत एक सुटें पान सांपडलें. त्यावर त्याच ग्रंथाचा शेवट होता आणि पुष्पिकाहि होती. हें पान त्याच पोथीचें काय, असा प्रश्न आमचेकडे आला. सोबत दोन छायाचित्रें होतीं : एक पोथीच्या उपान्त्य पानाचें, दुसरें सांपडलेल्या पानाचें. दोन्ही चित्रें निरनिराळ्या ठिकाणीं, निरनिराळ्या माणसांनीं घेतलेलीं होतीं. दोहोंतहि खालीं पांढराशुभ्र पार्श्वपट होता.

पहिल्या चित्रांतील कागद पिवळसर तपकिरी, जुन्या हातकागदासारखा दिसत होता. दुसऱ्यांतील कागद थंड, राखी झांक मारणारा पांढरा दिसत होता, जणूं गिरणीचाच. अक्षर सारखें होतें. परंतु सराइत लेखकाचें वळण दुसऱ्यास उचलतां येतें, असा तर्क आम्हीं लढविला. मूळ पान हरवल्यावर मागाहून कोणी तरी दुसऱ्या प्रतीवरून तें लिहून काढलें असावें, म्हणून त्यांतील शक या पोथीस लावूं नये, असा लेखी अभिप्राय आम्हीं दिला. त्यावर भरंवसा ठेवून तें पान होतें त्या रुमालांत परत गेलें, आणि पोथीची नोंद ‘अंतीं त्रुटित, काल अज्ञात’ अशी झाली.

सुमारें दोन वर्षांनीं त्या गांवीं जाण्याचा योग आला. स्नेही पोथी घेऊन बरोबर होते. सकाळच्या वेळीं ओसरीवर, सावलींत, दोन्ही पानें एकमेकांशेजारीं ठेवलीं. कागद एकच होता. उजेडासमोर धरतां साच्याच्या काड्यांच्या रेषा दोहोंत सारख्याच अंतरानें गेलेल्या दिसल्या. यावरहि कोणास शंका राहिली असती, तर ती कसरीनें मिटविली. पोथीच्या शेवटच्या आठ-दहा पानांतून कसरीनें डाव्या समासाजवळ एक वाट पोखरली होती; तीच वाट त्या सुट्या पानांतून, त्याच जागीं, त्याच तिरकसपणानें पुढें गेली होती. जें पान आम्हीं परकें म्हणून हांकून दिलें होतें, तें घरचेंच निघालें. पुष्पिकेंतील शक याच पोथीचा होय. आमचा पूर्वीचा अभिप्राय आम्ही येथें मागें घेत आहों.

ही चूक घडली कशी? दोन्ही चित्रें घेणारे गृहस्थ प्रामाणिक होते, यंत्रें चांगलीं होतीं, आणि आमचे डोळेहि वयाच्या मानानें ठीक आहेत. याचें उत्तर शोधतांना आम्हांस बरेंच मागें जावें लागलें.

३. डोळा पांढरें कसें ठरवितो

अमरकोशांत शुभ्र रंगाचीं तेरा नांवें दिलीं आहेत. त्यांत पांडर आहे; पांडुर मात्र नाहीं. पांडुर म्हणजे किंचित् पिवळसर पांढरा, तो लगेच पुढें वेगळा सांगितला आहे. एका उकाराचा हा भेद. आमची सारी चूक त्या एका उकाराएवढी आहे. नैयायिकांची दृष्टि याहून सूक्ष्म. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत पाण्याचें रूप अभास्वर शुक्ल आणि तेजाचें रूप भास्वर शुक्ल, असा भेद केला आहे. म्हणजे प्रकाशाचा पांढरेपणा निराळा व प्रकाशित वस्तूचा निराळा. कावीळ झालेल्यास शंख पिवळा दिसतो, आणि जास्वंदीजवळचा स्फटिक तांबडा भासतो, हे भ्रमाचे दृष्टान्त आपल्या शास्त्रांत पदोपदीं येतात. पहिल्यांत दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे, दुसऱ्यांत शेजारच्या वस्तूंत. छायाचित्रांत हे दोन्ही दोष घडतात, आणि शिवाय तिसरा, दिव्याचा.

युरोपांत या विषयाचा लक्षणीय प्रयोग गास्पार मोंज या गणितज्ञानें इ. स. १७८९ त पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें करून दाखविला. समोरच्या भिंतीवर तांबडा कागद लावून त्यानें सभासदांस तांबड्या काचेंतून पाहावयास सांगितलें. कागद अधिक तांबडा दिसेल अशी कोणाचीहि अपेक्षा असणार. प्रत्यक्षांत तो जवळजवळ पांढरा भासला. मोंजनें काढलेला निष्कर्ष असा कीं, डोळा एखाद्या वस्तूचा रंग एकटा पाहत नाहीं. सभोंवतालच्या सर्व वस्तूंवरून प्रकाशाचा रंग अजमावतो आणि तो वजा करून वस्तूचा रंग ठरवितो. पुढें इ. स. १९०२ त योहानेस फॉन क्रीस या जर्मन शारीरशास्त्रज्ञानें याचा हिशेब मांडला. डोळ्यांत तीन प्रकारचीं ग्राहकें आहेत, आणि प्रकाश बदलला म्हणजे प्रत्येकाची संवेदना स्वतंत्रपणें कमीअधिक होते, असें त्याचें म्हणणें. हा हिशेब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें यंत्रांत पुन्हां भेटणार आहे.

समईच्या उजेडांत पोथी वाचणाऱ्यास कागद नारिंगी वाटत नाहीं, कारण हा हिशेब त्याच्या नकळत डोळ्यांत चाललेला असतो. छायाचित्राच्या काचेस मात्र असा हिशेब येत नव्हता.

४. काचेचा पक्षपात

जुन्या ग्रंथांसाठीं छायाचित्राचा उपयोग करावा ही कल्पना त्या कलेइतकीच जुनी आहे. इंग्लंडांतील टालबट यानें इ. स. १८४४ ते १८४६ या काळांत ‘दि पेन्सिल ऑफ नेचर’ हें पुस्तक भागाभागानें प्रसिद्ध केलें. त्यांतील एक चित्र जुन्या छापील पानाचें असून, पुराणवस्तुसंशोधकांस या कलेचा मोठा उपयोग होईल, असें त्यानें तेथेंच नमूद केलें आहे. इ. स. १८६१ पासून इंग्लंडच्या डूम्सडे बुकाची प्रतिकृति छायाचित्राच्या साहाय्यानें जस्ताच्या पत्र्यांवरून छापण्यास आरंभ झाला. मुंबईंत छायाचित्रकारांची सभा १८५४ त स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तींतील नांवाजलेले छायाचित्रकार होते.

परंतु या काळच्या काचा रंगांच्या बाबतींत पक्षपाती होत्या. निळा, जांभळा, आणि जांभळ्यापलीकडचा डोळ्यांस न दिसणारा प्रकाश तेवढा त्यांवर परिणाम करी. हिरवा थोडा, पिवळा त्याहून थोडा, तांबडा जवळजवळ नाहींच. म्हणून त्या चित्रांत निळें आकाश कोरें पांढरें येतें आणि तांबडें वस्त्र काळें. इ. स. १८७३ त हेरमान फोगेल यास बर्लिन येथें असें आढळलें कीं, काचेवरील लेपांत कांहीं रंगद्रव्यें मिसळलीं असतां ती हिरव्या-पिवळ्या प्रकाशासहि ओळखूं लागते. तांबडा तरीहि बाहेरच राहिला. सर्व रंग ओळखणाऱ्या काचा इंग्लंडांतील रॅटन आणि वेनराइट या कारखान्यानें १९०६ त विक्रीस आणल्या.

आपल्या पोथ्यांच्या दृष्टीनें याचा अर्थ काय होतो पाहा. आपल्याकडे चुकलेलें अक्षर हरताळानें झांकीत. एखाद्या गोष्टीस ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळ पिवळा. निळ्या प्रकाशालाच ओळखणाऱ्या काचेवर तो काळपट उमटणार. म्हणजे खोडलेली जागा आणि शाईचा डाग यांत भेद राहणार नाहीं. हिंगुळानें काढलेले दंड व अंक काळ्या शाईंत मिसळून जाणार. कागदावरील पिवळट डाग प्रत्यक्षाहून गडद दिसून पान आहे त्यापेक्षां जीर्ण वाटणार. एखाद्या जुन्या प्रतिकृतीवरून ‘सर्व पोथी एकाच काळ्या शाईची’ असें विधान कोणीं केलें असेल, तर तें पुन्हां तपासलें पाहिजे. तेथें साक्षीदार रंगांध होता.

५. तीन रंगांची युक्ति

ज्या वर्षीं डूम्सडे बुकाचें काम सुरू झालें त्याच वर्षीं, १७ मे १८६१ रोजीं, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जेम्स क्लार्क मॅक्सवेलनें रंगीत छायाचित्राचें तत्त्व दाखविलें. एका रंगीत चौकडीच्या फितीचीं तांबड्या, हिरव्या व निळ्या द्रवांतून निरनिराळीं चित्रें घेतलीं, आणि तीं त्याच रंगांच्या प्रकाशांत पडद्यावर एकावर एक पाडलीं. फीत रंगीत दिसली. आतां त्या काळची काच तांबडा प्रकाश ओळखतच नव्हती. मग तांबड्याचें चित्र उमटलें कसें? बरोबर शंभर वर्षांनीं, १९६१ त, राल्फ इव्हान्स यानें याचा उलगडा केला. तांबडा द्रव जांभळ्यापलीकडचा अदृश्य प्रकाशहि पलीकडे जाऊं देत होता, आणि फितीचा तांबडा भाग तो प्रकाश परावर्तित करीत होता. काचेनें टिपलें तें अदृश्य किरणांचें चित्र. पाहणाऱ्यांनीं मानलें तांबडें. उत्तर बरोबर आलें, रीति चुकीची होती. आम्ही शाळेंत असतां अशा उत्तरास अर्धे गुण देत असूं. दृश्य रंगांत अदृश्य प्रकाशाची ही लुडबूड आपणांस पुढें पांढऱ्या पार्श्वपटावर पुन्हां दिसेल.

ल्यूमिएर बंधूंची ऑटोक्रोम काच १९०७ पासून बाजारांत आली. तींत बटाट्याच्या पिठाचे नारिंगी, हिरवे व जांभळे रंगविलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. तिच्यावर चित्र घेतांना भिंगापुढें पिवळसर नारिंगी काच धरावीच लागे. न धरल्यास सर्व चित्र निळें येई, कारण निळ्याकडचा मूळचा पक्षपात गेलेला नव्हता. १९३५ सालच्या कोडाक्रोमनंतर रंगीत फिल्म घरोघर पोंचली, आणि तेव्हां दिव्याचा प्रश्न उघड झाला. दिवसाच्या उजेडाची फिल्म निराळी व स्टुडिओंतील तारेच्या दिव्यांची निराळी करावी लागली. एकीवर दुसरीच्या प्रकाशांत चित्र घेतल्यास चेहरे एक तर नारिंगी होत, नाहीं तर निळे. त्यासाठीं भिंगावर निळी किंवा पिवळट काच बसवीत. म्हणजे श्वेतसमतोल त्या काळीं दुकानांतून विकत आणावा लागे.

६. दिव्याचें माप व यंत्राचा अदमास

दिव्याचा रंग मोजण्याचें माप लोहाराच्या भट्टीवरून समजतें. लोखंड तापलें कीं प्रथम तांबडें, मग नारिंगी, मग पिवळें, आणि आणखी तापल्यास पांढऱ्याकडे झुकतें. त्यापलीकडे उष्णता वाढत गेली तर प्रकाश निळसर होत जातो. हें तापमान केल्विनमध्यें सांगतात. मेणबत्तीचा प्रकाश सुमारें १९००, घरगुती तारेचा दिवा सुमारें २८००, स्टुडिओचा तारेचा दिवा ३२००, दुपारचें ऊन सुमारें ५५००, ढगाळ आकाश ६५०० वा अधिक केल्विन. म्हणजे एकच कागद मेणबत्तीपाशीं नारिंगी आणि ढगाळ दिवशीं निळसर प्रकाश परत पाठवितो. आपल्या डोळ्यांस तो दोन्हीं वेळीं कागदाच्याच रंगाचा वाटतो, ही किमया मोंजनें दाखविलीच आहे.

आजच्या यंत्रांत फिल्म नाहीं. तेथें सूक्ष्म ग्राहकांची जाळी असते. ब्राइस बायर यानें योजिलेल्या व १९७६ त पेटंट मिळालेल्या रचनेप्रमाणें त्यांतील निम्मे ग्राहक हिरव्या, पाव तांबड्या व पाव निळ्या काचेखालीं असतात. हिरव्याचा आंकडा तसाच ठेवून तांबड्या व निळ्या आंकड्यांस योग्य त्या गुणकांनीं गुणावयाचें, एवढाच श्वेतसमतोल. फॉन क्रीसचा १९०२ सालचा हिशेब तो हाच. प्रश्न एकच उरतो : गुणक कोणते घ्यावयाचे? डोळा ते सभोंवतालावरून ठरवितो. यंत्रापुढें चौकटीबाहेरचें कांहीं नाहीं. स्वयंचलित यंत्र म्हणून अदमास करतें. एक अदमास असा कीं, सर्व चित्राची सरासरी करडी असावी. दुसरा असा कीं, चित्रांतील सर्वांत उजळ वस्तु पांढरी असावी. बागेच्या किंवा बाजाराच्या चित्रांत हे अदमास बरेचदां जुळतात. पोथीच्या चित्रांत ते दोन्ही फसतात.

७. पांढरा पार्श्वपट साक्षी कां होऊं शकत नाहीं

स्टुडिओंत पांढरा पार्श्वपट घेण्याची चाल वस्तु सुटी व स्वच्छ दिसावी म्हणून पडली. तो पांढरा आहे, तेव्हां त्यावरूनच श्वेतसमतोल घ्यावा, हा विचार कोणासहि सुचेल. तो तीन कारणांनीं धोक्याचा आहे.

पहिलें कारण, पार्श्वपटाचें पांढरेपण बहुधा खरें नसतें. आपल्या घरीं धोतरास नीळ देतात, तेव्हां धोतर अधिक पांढरें होत नाहीं. त्यावरील पिवळट झांक दबते आणि निळसरपणास आपण पांढरें म्हणतों. १९२९ त पाउल क्राइस यानें दाखविलें कीं, रानचेस्टनटच्या सालींत सांपडणारें एक द्रव्य कापडास लावलें असतां तें अदृश्य किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतें व कापड उजळ दिसतें. पुढें अशीं द्रव्यें कारखान्यांत तयार होऊं लागलीं, आणि आजचे पांढरे कागद, कापड व धुण्याच्या पुडी यांत तीं सर्रास असतात. नीळ पिवळ्यास कमी करते. हें द्रव्य निळ्याची भर घालतें. ज्या दिव्यांत अदृश्य किरण अधिक, त्याखालीं असा पार्श्वपट अधिक निळा होतो. त्यास पांढरा मानून यंत्र निळ्याचा गुणक कमी करतें, आणि ज्यांत असें द्रव्य नाहीं तो जुना हातकागद नाहक पिवळा पडतो.

दुसरें कारण, पार्श्वपट अतिशय उजळ ठेवण्याचा हव्यास. नेहमींच्या चित्रांत प्रत्येक रंगाचा आंकडा ० ते २५५ असतो. प्रकाश फार झाला म्हणजे तिन्ही रंग २५५ वर जाऊन थबकतात. तेथें तांबडा किती, निळा किती, हें प्रमाणच नष्ट होतें. अशा जळालेल्या पांढऱ्यावरून घेतलेला समतोल म्हणजे कोऱ्या कागदावर घेतलेली सही.

तिसरें कारण जास्वंदी व स्फटिक यांचें. पार्श्वपटावरून उसळलेला प्रकाश वस्तूच्या कडांवर पडतो व भिंगांतहि शिरतो. त्यामुळें शाई फिकी होते आणि कागदाची पोत धुऊन निघते. ताम्रपटाच्या बाबतींत तर पत्रा आरशासारखा त्या पांढऱ्यास परत दाखवितो आणि कोरलेलीं अक्षरें त्यांत लोपतात.

८. चुकीची उकल

एवढें समजल्यावर आमच्या दोन पानांचें कोडें सुटलें. पहिलें चित्र फ्लॅशच्या प्रकाशांत, नव्या पांढऱ्या कागदी पार्श्वपटावर घेतलेलें होतें आणि समतोल त्या पार्श्वपटावरूनच घेतला होता. पार्श्वपटाचा निळेपणा वजा होतांना पान अधिक पिवळें झालें. दुसऱ्या चित्रांत पानानें जवळजवळ सर्व चौकट भरली होती आणि समतोल यंत्रावर सोपविला होता. सरासरी करडी असावी या अदमासानें यंत्रानें पानाचा पिवळसरपणाच दिव्याचा दोष समजून काढून टाकला. एकास रंग चढविला, दुसऱ्याचा उतरविला. सत्य दोहोंच्या मध्यें होतें. आम्हीं दोन दिव्यांतील फरक दोन कागदांच्या माथीं मारला.

कसरीची वाट मात्र त्या चित्रांतहि होती. पुन्हां पाहतां पहिल्या चित्रांत तीं भोंकें स्पष्ट दिसलीं. दुसऱ्यांत पान पांढरें केलेलें, खालचा पटहि पांढरा; त्यामुळें भोंक आणि कागद एकरूप झालें होतें. पानाखालीं करडा किंवा काळा कागद असता, तर ती वाट आम्हांस त्याच दिवशीं दिसली असती आणि एक पुष्पिका दोन वर्षें अनाथ राहिली नसती.

पुढें दोन्ही पानें एकाच चौकटींत, एकाच दिव्याखालीं, मधोमध करडें कार्ड ठेवून पुन्हां टिपलीं. त्या चित्रांत दोहोंचा रंग सारखा आला.

९. संग्राहकांस सूचना

अनुभवावरून पुढील नियम आम्ही सुचवितों.

(अ) साक्षीदार म्हणून करडें तटस्थ कार्ड वापरावें. छायाचित्रकारांचें प्रचलित कार्ड पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा १८ परत पाठवितें. तें जळत नाहीं व त्यांत निळें द्रव्य नसतें. साध्या करड्या पुठ्ठ्यावर मात्र विसंबूं नये. १९७६ पासून प्रचारांत असलेला चोवीस चौकटींचा रंगफलक मिळाल्यास उत्तम. त्याच्या शेवटच्या ओळींत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा तटस्थ छटा असतात.

(आ) कार्ड पानाच्याच पातळींत व पानाकडे पडणाऱ्याच प्रकाशांत ठेवावें. पार्श्वपटाजवळ ठेवलेलें कार्ड पार्श्वपटाची साक्ष देईल, पानाची नव्हे.

(इ) एका वेळीं एकाच जातीचे दिवे असावेत. खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र आल्यास पानाची एक बाजू निळी व दुसरी पिवळी होते, आणि कोणताहि एक समतोल दोहोंस पुरत नाहीं. दिवे पानाच्या दोन्ही बाजूंस सुमारें ४५ अंशांवर ठेवावेत. रंगविलेली भिंत किंवा छायाचित्रकाराचा भडक सदराहि आपला रंग पानावर टाकतो.

(ई) पानाखालीं करडा किंवा काळा कागद घ्यावा. शस्त्र, मूर्ति वगैरेंसाठीं पांढरा पार्श्वपट हवाच असेल, तर वस्तु त्यापासून दूर ठेवून पार्श्वपटास निराळा दिवा द्यावा. तो नुसता पांढरा दिसेल इतकाच उजळावा. आणि सर्व दिवे लावल्यानंतरच, वस्तूच्या जागीं कार्ड धरून, समतोल घ्यावा.

(उ) स्वयंचलित समतोल बंद करावा. यंत्रानें टिपलेले मूळ आंकडे ज्यांत राहतात ती कच्ची फाइल, ज्यास रॉ म्हणतात, जपून ठेवावी. म्हणजे समतोल मागाहून सुधारतां येतो. दिवा किंवा जागा बदलतांच कार्डाचें नवें चित्र घ्यावें.

(ऊ) सूचींत पोथीची लांबी-रुंदी जशी लिहितों, तसा दिव्याचा प्रकार, कार्ड होतें कीं नव्हतें, व चित्राची तारीख, इतकें लिहावें. पाहणाऱ्याचा पडदाहि निळा-पिवळा असूं शकतो. छपाईच्या व्यवसायांत रंग तपासण्यास ५००० केल्विनचा प्रकाश प्रमाण मानतात, हें ध्यानांत असावें.

१०. एक आक्षेप व समारोप

कोणी म्हणतील, कागदाच्या रंगावरून काल ठरविणें मुळांतच कच्चें. लिपि, शाई, मजकूर व पुष्पिका हीं प्रमाणें असतां रंगाची एवढी चिंता कशास? आक्षेप योग्य आहे, आणि आमची पहिली चूक हीच कीं आम्हीं रंगास त्याच्या योग्यतेहून वरचें आसन दिलें. परंतु दुर्बळ साक्षीदार खोटें बोलूं लागला म्हणजे तो निरुपद्रवी होत नाहीं. शिवाय मूळ वस्तु नेहमींच पुढें राहील असें नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. अशा पाण्यापुढें माळ्यावरील दप्तरांचा काय पाड? कागद गेल्यावर त्याचें चित्र हेंच मूळ होतें. त्या दिवशीं हरताळ कोठें होता, हिंगूळ कोठें होता, दोन पानें एका कागदाचीं होतीं कीं दोन, हें विचारावयास ओसरीवरची सावली मिळणार नाहीं.

पुष्पिकेशिवाय पोथीस आपण त्रुटित म्हणतों. ज्या छायाचित्रांत तटस्थ साक्षीदार नाहीं तेंहि रंगापुरतें त्रुटितच समजावें. सदरहू पोथीच्या सूचींतील नोंद आतां दुरुस्त झाली आहे. तें पान ज्यांचे घरीं होतें त्यांनीं तें आपण होऊन पोथीच्या मालकांस दिलें, आणि तें आपल्या जागीं बसलें आहे. ज्यांच्या संग्रहांत आमच्या जुन्या अभिप्रायाची नक्कल असेल, त्यांनीं तीवर हरताळ फासावा, ही विनंति.